बांड्याच्या खांद्यासाठी अकोल्याला

दोन हजार चोवीस साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळ्यात बुडालेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी वीज, तारा आणि संगणकाबद्दल लिहिणार आहे, आणि कोणीतरी विचारीलच की या लोहाराला हे लिहायला सांगितलं कोणी. कोणीच नाही. मी गेलो होतो, तुम्ही गेला नव्हता. एवढा हक्क मला पुरे. लिहिताना जमेल तसं पुस्तकातलं लिहितो. बोललो ते मात्र आमच्या वऱ्हाडीत, ते तसंच ठेवलं आहे.

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडं आमचं गाव. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी भात्यापाशी बसतो. वखर, डवरे, तिफणी करतो, आणि विहिरीवरच्या मोटारी बिघडल्या तर त्याही उघडतो. पण नाव आहे ते डवऱ्याचं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उभ्या पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढायचं हे बैलाचं अवजार. खाली आडवं लोखंडी पातं, त्याला पास म्हणतात. वर लाकडी खोड, पुढं बैलांकडे जाणारी दांडी, मागं माणसानं धरायचं रुमणं. माझी पास कुंद्याच्या गवतावरून उड्या मारत नाही. तिला मी तोंड जरा जास्त खाली देतो. ही माझी खूण. माझा डवरा अंधारातही हात फिरवून ओळखता येतो.

त्या श्रावणात रफिकच्या बैलाचा खांदा सुजला. रफिक माझा लहानपणाचा सोबती, शेताला शेत लागून. बैलाचं नाव बांड्या. जू जिथं टेकतं तिथली कातडी फाटली, माशा बसू लागल्या. रफिक चहाच्या टपरीवर दहा माणसांत बोलला, "गणपतचा डवरा जड ओढते. त्यानंच माह्या बैलाचा खांदा खाल्ला."

मी समोरच उभा होतो. "जड म्हंजे किती जड? मोजून आन."

"मी काहून मोजू? तूच मोज नं! डवरा तुहा हाय."

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूपहळदीनं शेकतात, तेव्हा प्रत्येकाच्या गोठ्यात सगळे डोकावतात. दुसऱ्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहतात. बांड्या तो खांदा घेऊन उभा राहिला असता, आणि गावानं त्या जखमेला माझं नाव दिलं असतं. चूक असेल तर ते नाव घ्यायला माझी ना नव्हती. पण टपरीवर ठरलेलं मी घेणार नव्हतो.

अकोल्याला शेतीच्या अवजारांची ओढ मोजणारी एक कार्यशाळा आहे, हे मी एका कृषी प्रदर्शनात पाहिलं होतं. मुलगा म्हणाला, फोन करून विचारा. फोनवर डवरा मोजता येतो काय? रफिकला म्हटलं, "तू बी चाल. नाई तं म्हनशीन गणपतनं आकडा खिशातून काढला."

तो आला. त्यालाही बैलाची काळजी होती, आणि अकोल्यात त्याची लेक आहे.

रस्ता

एसटीच्या कंडक्टरनं डवरा पाहिला आणि दार अडवलं.

"बाबा, हे हत्यार खाली ठेवा."

"हत्यार नोहे, डवरा होय. याचं तिकीट फाड."

"याले सीट कोन्ती देऊ?"

"माह्या मांडीवर बसन."

बस आमच्या तोंडावर धूर सोडून गेली. मग नागवेलीच्या पानांचा एक छोटा टेम्पो मिळाला. अंजनगावकडचे पानमळे जुने. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं डालीत बसून शहराला जातात. आम्ही दोघं म्हातारे त्या डाल्यांच्या मधे, डवरा आमच्या मधे. अकोटपर्यंत आमच्यात एक शब्द नाही. उजवीकडं सातपुडा ढगात अर्धा बुडालेला, रस्त्याच्या कडेला केळी आणि संत्र्याचे मळे. अकोट गेलं की झाडं विरळ होतात, जमीन काळीकुट्ट आणि सपाट. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या अलीकडं टेम्पो थांबला. तिथं हॉटेलात पाण्याचा घोट घेतला आणि दोघांनीही एकदमच तोंड वाकडं केलं.

"इथल्या बायांले भाजीत मीठ टाका लागत नसन," रफिक म्हणाला.

मी हसलो नाही. पण आलूबोंड्याची प्लेट त्याच्याकडं सरकवली. त्यानं मोठा तुकडा घेतला. भांडण कायम होतं, फक्त तोंड उघडलं होतं.

मुक्काम त्याच्या लेकीकडे, शबानाकडे. माझा श्रावण असतो हे तिला ठाऊक. तिनं नवं पातेलं काढून पिठलं टाकलं, ज्वारीची भाकर, आणि सांबारवडी. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याकडच्यांनी घोटाळा करून घेऊ नये. ताट ठेवत ती म्हणाली, "चाचा, तुमी दोघं भांडाले इतक्या दूर काहून आले? गावात जागा नव्हती?"

"गावात मोजाचं यंत्र नव्हतं," मी म्हटलं.

कार्यशाळा

फाटकापाशी दोन बैल बांधलेले. गुबगुबीत, अंग चकचकीत. मी त्यांचं नाव विचारलं तर पहारेकऱ्यानं कानातला पिवळा बिल्ला दाखवला. आकडा. आमच्याकडं बैलाला नाव नसेल तर तो हाक कशी ओळखणार? रफिक मनातून दुखावला. त्यानं तिथंच दोघांना नावं ठेवली, ती मी इथं लिहीत नाही, कारण त्यातलं एक माझं होतं.

मोजमाप पाहणाऱ्या बाई म्हणजे वानखडे मॅडम. हिवरखेडच्या. वय पस्तिशीचं, टेबलावर बाबासाहेबांची तसबीर, पायात चिखलाचे बूट. डवरा पाहून त्यांनी पहिल्यांदा पाशीवरून बोट फिरवलं. मला बरं वाटलं, पण मी ते दाखवलं नाही.

त्यांनी मोजायचं यंत्र दाखवलं. दोन भाग. एक मुठीएवढा लोखंडी तुकडा, सापानं दोन वळणं घ्यावीत तसा. तो बैलाच्या जुवाला आणि डवऱ्याच्या दांडीला जोडणाऱ्या दोरात, म्हणजे नाड्यात, अडकवायचा. बैल ओढतात तेवढा तो ताणला जातो. डोळ्याला दिसत नाही, पण ताणला जातो. त्याच्या आत बारीक तारेच्या चार जाळ्या चिकटवलेल्या असतात. तार ताणली की लांब आणि बारीक होते, मग वीज तिच्यातून जरा कष्टानं जाते. दोन जाळ्या ताणतात, दोन दबतात. तराजूची दोन पारडी समजा. ओढ नसली की पारडी सारखी. ओढ आली की एक झुकतं, आणि तो झुकाव विजेच्या अगदी बारीक फरकानं कळतो. एका सेलच्या विजेचे हजार तुकडे करा, त्यातले थोडेसे. दुसरा भाग एक डबा. तो हा फरक एका सेकंदात पुष्कळ वेळा वाचतो आणि साठवून ठेवतो, म्हणजे नंतर संगणकावर पाहता येतो.

मॅडम तारा जोडायला बसल्या. मी म्हटलं, "थांबा. तुमी जोडलेल्या तारंवर माहा भरोसा नाही. मी जोडतो."

रफिकनं कपाळाला हात लावला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, पेचकस माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "जोडा."

तुकड्यातून चार तारा बाहेर आलेल्या. लाल, काळी, हिरवी, पांढरी. तारांभोवती आणखी एक उघडी विणलेली जाळी. डब्यावर दोन जागा वीज पुरवायच्या, दोन निरोपाच्या, म्हणजे तो फरक आत घ्यायच्या. मी मोटारी उघडलेला माणूस. लाल आणि काळी पुरवठ्यात घातली. आणि हिरवी? आमच्या भागात कोणालाही झोपेतून उठवून विचारा. हिरवी म्हणजे अर्थिंग. मी ती डब्याच्या लोखंडी स्क्रूला आवळली. पांढरी निरोपात घातली, मग निरोपाची एक जागा रिकामी राहिली, तिथं ती उघडी जाळी पिळून घातली. मॅडम म्हणाल्या, "हिरवीचा इचार करा." मी म्हटलं, "हिरवीचा इचार मी तुमच्या जन्माच्या आंधी केला."

शेतात वाफसा चांगला होता, माती ना ओली ना कोरडी. रफिकनं बैल हाकले. मी डबा पोटाशी धरून सोबत चालत होतो. बैलांनी ओढलं. डब्यावरचा आकडा खाली जाऊन तळाला बसला आणि हललाच नाही. बैल थांबले, आकडा तिथंच. सैल सोडलं, तिथंच.

"मेलं तुमचं यंत्र," मी म्हटलं.

"यंत्र जित्तं हाय, मिस्त्रीकाका."

"मंग हालत काहून नाही? पाच वर्सांचं पोट्टं बी ओढ पाहून सांगन!"

रफिक बैलाच्या पाठीवर हात टाकून हसायला लागला. "बाप्पा! याचा डवरा इतका हलका, की आकडाच येत नाही. जिकला गणपत!"

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या हिरव्या तारेचा. तरी मी तासभर तीच तार आवळत राहिलो. जोड साफ केला, टेप बदलली, डबा बदलायला लावला. बैलही कंटाळून बसले. शेवटी मॅडमनी चारही तारा मोकळ्या केल्या आणि माझ्या हातात मीटर दिला, मोटारीची गुंडाळी तपासायला असतो तसलाच.

"रंगावर नका जाऊ. दोन दोन तारा धरून पाहा."

पाहिलं. लाल-काळी जोडीत मीटर चारशेच्या जवळ. हिरव्या-पांढऱ्यात साडेतीनशे. बाकी कोणतीही जोडी धरली तरी त्याहून कमी. मी पुन्हा धरल्या, हात बदलून धरल्या. तेच.

मॅडमनी मातीत काडीनं चौकोन काढला. "चार बाजू म्हंजे चार जाळ्या. ज्या जोडीत मीटर जास्त, ते कोपरे समोरासमोरचे. अशा दोन कोपऱ्यांतून वीज घालायची, उरलेल्या दोन कोपऱ्यांतून फरक घ्यायचा. हिरवी हा एक कोपरा हाय. तुमी तो कोपरा जमिनीत गाडला. अन् ती तारांभवतालची जाळी निस्ती पदर हाय, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हनून."

मी त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना बोट लावून पाहिलं. मग म्हटलं, "मंग हिरवा रंग काहून देला?"

"हे ज्यानं केलं त्याले विचारा. मले नका विचारू."

हिरवी आणि पांढरी निरोपात घातली, जाळी एकाच टोकाला बांधली. जोड मीच केले. कोणाला हात लावू दिला नाही.

ओढ

आधी खरं वजन लावून पाहिलं. लिंबाच्या फांदीला तुकडा टांगला आणि त्याला काट्याची वजनं अडकवली. वीस किलो लावलं तर वीस, काढलं तर शून्य. उन्हात तुकडा तापला की शून्य हळूहळू सरकायचा. मग मी रफिकची छत्री हिसकावून तुकड्यावर धरली. तो स्वतः उन्हात चालला. "बैलाले सावली नाई, मले नाई, अन् लोखंडाले सावली!" असं म्हणत म्हणत त्यानं दोन्ही डवरे चालवले. एक माझा आणि एक कार्यशाळेचा नमुन्याचा, तेवढ्याच रुंदीचा. मॅडम मागून काडी खुपसून दोन्हींची खोली सारखी आहे का पाहत होत्या. एकदा चढानं, एकदा उतारानं. मी पुन्हा करायला लावलं. त्यांनी कुरकुर केली नाही, रफिकनं भरपूर केली.

संध्याकाळी टेबलापाशी बसलो. मॅडमनी सरासरी सांगितली. दोन्ही डवऱ्यांची ओढ जवळजवळ सारखी.

मी उठून उभा राहिलो. "ऐकलं? ऐकलं काय रे रफिक? जड नाही! आता चाल टपरीवर!"

रफिकनं मान खाली घातली. "ऐकलं बाप्पा. माही चूक. मी लोकांसमोर सांगतो."

"बसा मिस्त्रीकाका," मॅडम म्हणाल्या. "सरासरी झाली. आता ओढ पाहा."

त्यांनी पडदा वळवला. डब्यानं साठवलेलं सगळं तिथं एका रेघेत होतं. नमुन्याच्या डवऱ्याची रेघ म्हणजे माळावरची चढउताराची वाट. माझी रेघ म्हणजे बाभळीची फांदी. दर काही पावलांवर एक काटा वर, मग एकदम खाली, पुन्हा काटा. काही काटे सरासरीच्या दुप्पट.

मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ती रेघ माझ्या हाताला ओळखू आली. पाशीचं तोंड जास्त खाली, म्हणून ती मातीत घुसते, घुसत जाते, धरून बसते. माणूस रुमणं उचलतो, ती सुटते. पुन्हा घुसते. ओढ सारखीच, पण माझा डवरा धक्के देऊन ओढून घेतो, आणि प्रत्येक धक्का जुवातून खांद्यावर. माझी खूणच त्या बैलाची कातडी खात होती.

रफिकला रेघ कळली नव्हती, माझं तोंड कळलं. तो हळूच म्हणाला, "गणपत, ओढ सारखी हाय असंच सांगू ना. खोटं थोडीच हाय? मॅडम बी तेच म्हन्ते. पोळा गोड होईन."

"अन् बांड्याले कोन सांगन?"



मी मॅडमना म्हटलं, "या रेघेचा कागद काढून द्या. मोठा."

"दोन्हींचा देऊ?"

"दोन्हींचा द्या. माह्याच्या खाली माहं नाव लिवा. दुसऱ्या कोनाच्या खांद्यावर हे पडाले नको."

त्यांनी लिहिलं. जाताना म्हणाल्या, "पास बदलली की परत आणा. मोजू."

"आधी मी मोजतो," मी म्हटलं. "मंग तुमी."

त्यांनी हसून हात जोडले. खरं सांगायचं तर असं मोजणारं माणूस आमच्या तालुक्यात असतं तर मी भांडून भांडून तरुण राहिलो असतो.

परत

दुसऱ्या दिवशी येताना पानांच्या रिकाम्या डाल्यांचा तोच टेम्पो. पूर्णेपाशी रफिकनं लेकीच्या घरून भरून आणलेली पाण्याची बाटली काढली. मला आधी दिली. अकोटपर्यंत आम्ही सतत बोललो, सगळं बांड्याबद्दल. खांद्याला काय लावायचं, जुवाखाली किती गादी द्यायची, पोळ्याला झूल कोणती. कागद मी गुंडाळून डवऱ्याच्या दांडीला बांधला होता. घरी पोचलो तर दिवस मावळायचा होता. टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "काय मिस्त्री, जड निंघाला का हलका?"

"सारखा!" रफिक ओरडला.

"झटके मारते!" मी त्याच्यावर ओरडलो. "माह्या दुकानाच्या दारावर कागद लावतो. वाचून जा. अन् ज्याच्यात दम असन त्यानं आपलं अवजार अकोल्याले नेऊन दाखवा!"

कागद मी लावला. चार खिळे ठोकून.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी भट्टी पेटवली. पास खोडातून काढली, लाल केली, आणि ज्या वळणावर माझं नाव चाललं होतं ते वळण ऐरणीवर ठेवून हातोड्यानं उतरवलं. थंड केली, बसवली, डवरा खांद्यावर टाकून रफिकच्या शेतात गेलो. तो बांड्याच्या खांद्याला हळद लावत होता.

"बैल जुंपू?" त्यानं विचारलं. "दुसरा, धड खांद्यावाला?"

"बैल नको." दोर मी माझ्याच दोन्ही खांद्यांवरून घेतला. "तू रुमनं धर."

"अबे, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. धर म्हन्तो ना."

बांधावर खरंच माणसं थांबली होती. मी वाकलो आणि चालायला लागलो. माती पायाखाली मऊ. ओढ खांद्यावर आली, सलग, जशी यावी तशी. अर्ध्या ओळीपर्यंत तशीच. मग कुंद्याचं बेट लागलं, आणि मानेच्या मुळाशी एक झटका बसला. लहान, पण झटकाच.

"थांब," मी म्हटलं. दोर काढला, डवरा उचलला, आणि बांधावरच्या माणसांच्या मधून वाट काढत परत भात्याकडं निघालो.